बस्त्याव तांडेलचा किल्ला

माझ्या मेजासमोर येऊन बसणारा प्रत्येक मनुष्य प्रथम स्वतःचे नाव सांगतो. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वय, धंदा, राहणार अमुक, तालुका वसई. गेली बावीस वर्षे मी वसईच्या मामलेदार कचेरीबाहेर चिंचेच्या सावलीत बसून लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे, आणि हा क्रम मोडलेला एकच इसम माझ्या स्मरणात आहे. पाचूबंदरचा बस्त्याव तांडेल. तो प्रथम आला तेव्हा बाकावर बसता बसताच म्हणाला, "लिव. विनय आनि सुनंदा."

"हे कोण?" मी विचारले.

"आरोपी."

"आणि अर्जदार?"

"मी. पन माझं मागनं लिव. आदी त्यांचं."

चौकशीअंती कळले ते असे. विनय आणि सुनंदा या नावाच्या कोणी दोघांनी किल्ल्यातील जुन्या देवळाच्या भिंतीवर खिळ्याने आपली नावे कोरली होती आणि मध्ये एक बाण काढला होता. देऊळ म्हणजे चर्च. आमच्याकडची ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. बस्त्यावला वाचता येत नसे. त्याने फादरना तिथवर चालवत नेऊन ती नावे वाचवून घेतली होती आणि पाठ केली होती.

"त्यांचे गाव?"

"ते त्यांनी लिवलं नाय."

"मग यांच्यावर नोटीस बजावायची कुठे?"

"म्हनून तर तुज्याकडं आलो, रायटर. तू शिकलेला."

माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे. परंतु शिक्षण आणि लेखन या भिन्न बाबी असून, माझे मसुदे वाचून चांगल्या चांगल्या वकिलांनी ते मान्य केलेले आहे. मी त्या दिवशी किल्ल्याची देखभाल करणाऱ्या खात्याकडे दीड पानी अर्ज लिहिला. 'सदरहू दोन इसमांनी आपली परस्परांवरील प्रीती शासकीय मालमत्तेवर कोरून तिचे अपरिमित नुकसान केले आहे' हे त्यातील वाक्य मला अद्याप आवडते. अर्ज वाचून दाखवल्यावर बस्त्यावने माझ्या लेखणीने खाली सही केली. सही म्हणजे होडीच्या नांगराचे चित्र. दोन आकडे, मध्ये दांडी, वर कडी. अंगठा उठवण्यास तो कधी तयार झाला नाही. "अंगठा कोनाचाबी सारखाच दिसते," तो म्हणे, "नांगर माजाच."

त्या अर्जाचे उत्तर आले नाही. बस्त्याव मात्र येत राहिला, आणि पुढे जवळजवळ पंधरा वर्षे येत होता. तो गेल्याला आता दोन पावसाळे झाले. वसईत मोठमोठी माणसे होऊन गेली, त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. बस्त्यावविषयी लिहिणारा माझ्याखेरीज कोणी निघेल असे वाटत नाही, म्हणून हे काम मी स्वतःकडे घेतले आहे.

उंचीने तो बेताचा होता. खांदे मात्र दाराच्या चौकटीत मावू नयेत असे. डोक्यावर लाल टोपी, पांढरा सदरा, सदऱ्याचे गळ्यापाशीचे बटण वैशाखातही लावलेले. डाव्या हाताची दोन बोटे नव्हती. तांडेल हे त्याचे आडनाव आणि तोच त्याचा हुद्दाही होता; होडीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दावर जाळे पडते आणि वर येते. भर समुद्रात जाळ्याचा दोर हाताभोवती आवळला गेला आणि बोटे गेली. त्यानंतर त्याने होडी मुलाच्या हाती दिली. घरी बसण्याची सवय नव्हती, म्हणून रोज सकाळी तो किल्ल्यात फेरी मारू लागला. किल्ला त्याच्या घरापासून विडी ओढून संपेल इतक्या अंतरावर.

तिथे एके दिवशी त्याला एक गोरा प्रवासी दिसला. हातात जाडजूड पुस्तक, त्यात बोट घातलेले, आणि भिंतीकडे पाठ. बस्त्याव काही वेळ बघत राहिला. मग त्याने त्याला दोन्ही खांद्यांना धरून भिंतीकडे फिरवले आणि म्हणाला, "हिकडं हाय रे."

त्याचा धंदा सुरू झाला तो असा. परदेशी पाहुण्यांना वसई दाखवणे.

इंग्रजीतले त्याला तीन शब्द येत असत. कम, लूक आणि नो. बाकी सर्व तो मराठीत सांगे, खणखणीत आवाजात, वाऱ्यावरून पलीकडच्या होडीला ऐकू जावे तसे. आश्चर्य असे की पाहुण्यांना ते कळे. कारण तो सांगण्यापेक्षा करायला लावत असे. ओहोटीच्या वेळी तो त्यांना खाडीकाठच्या तिवरांत नेई आणि चिखलाकडे बोट दाखवून गप्प उभा राही. प्रथम काहीच दिसत नसे. मग चिखलच हलू लागे. निवटे नावाचे बोटभर मासे पाण्याबाहेर येऊन परांवर चालत, उड्या मारत, एकमेकांशी भांडत. पाहुणे ओरडत, गुडघ्यावर बसत, कपडे चिखलाने भरून घेत. बस्त्याव मान डोलावून म्हणे, "बग. मासा चालतंय. आनि तुमी मोटारीतनं येता."

भुईगावच्या वाड्यांमधून नेताना एक गोष्ट तो मुळीच खपवून घेत नसे. परदेशी माणसे माड आणि ताड या दोन्ही झाडांना एकाच नावाने संबोधतात. बस्त्याव त्यांना थांबवी. एका झाडाला मिठी मारायला लावी, मग दुसऱ्याला. माडाची साल आणि ताडाची साल छातीला वेगळी लागते. "हा माड. हा ताड. बोल." पाहुणा बोले. "घरात तुला दोन पोरं हायेत, दोघांना एकच हाक मारशील काय?" हे वाक्य पाहुण्यास कळत नसे, परंतु त्यानंतर तो चुकत नसे.

एकदा नेदरलँड देशाचे एक जोडपे आले होते. त्या दिवशी मी एका वारसाच्या कामासाठी पाचूबंदरात गेलो असल्यामुळे हा प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेला आहे. किनाऱ्यावर बांबू उभे करून, त्यांना दोर बांधून, त्यावर बोंबील सुकत घातलेले होते. बाईंनी नाकाला रुमाल लावला. बायका खाली मान घालून हसल्या. बस्त्याव बाईंना काही म्हणाला नाही. त्याची बायको कात्रीन तिथेच टोपलीतले ओले बोंबील काढत होती. त्याने त्यातले दोन उचलून बाईंच्या हातांत दिले. बोंबलाला बोंबलाचा जबडा अडकवायचा, एक दोराच्या या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला, म्हणजे जोडी वाऱ्यात पडत नाही. बाईंची पहिली जोडी पडली. दुसरीही पडली. तिसरी राहिली, तेव्हा त्यांना नाक झाकायला हात मोकळा नव्हता आणि रुमाल वाळूत पडलेला होता.

"आता वास येतंय काय इचार तिला," कात्रीन म्हणाली.

"कशाला इचारू? कामात हाय ती."

त्या बाईंनी दुपारपर्यंत दीडेकशे जोड्या टांगल्या. नवरा फोटो काढत राहिला. परंतु त्याला तो फोटो बस्त्यावचा नियम पाळल्यावरच काढू दिला होता, आणि तो नियम इथे नमूद करणे आवश्यक आहे.

बस्त्यावबरोबर आलेल्या पाहुण्याने कोणाच्याही घरात, अंगणात किंवा किनाऱ्यावर कॅमेरा काढण्यापूर्वी आपल्या आईचे नाव सांगितले पाहिजे. उंबऱ्यावर उभे राहून, घरातल्या सर्वांना ऐकू जाईल असे. तोवर बस्त्याव दोन बोटे नसलेला हात कॅमेऱ्याच्या तोंडावर धरून म्हणे, "नो." मग घरातल्या बायका ते नाव म्हणून बघत. गर्ट्रूड. ब्रिगिट. एकदा तर एल्फ्रीडे. ते त्यांना म्हणता येत नसे, त्या पदर तोंडाला लावून हसत, पाहुणा पुन्हा म्हणून दाखवी, तोही हसे. नाव नीट उच्चारले गेले की बस्त्याव हात बाजूला घेई. "आता काढ. आता तू कोनाचा तरी हायेस."

मी एकदा त्याला म्हणालो, "बस्त्याव, कायद्याने वडिलांचे नाव विचारतात."

"ते तुज्या मेजावर," तो म्हणाला. "उंबऱ्यावर आयचं."

अशी आठ-नऊ वर्षे गेली. मग खात्याची नोटीस किल्ल्याच्या दरवाजावर लागली. यापुढे परवानाधारक मार्गदर्शकाखेरीज कोणीही परदेशी प्रवाशांस किल्ला दाखवू नये. परवान्यासाठी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण असणे आवश्यक. पहारेकऱ्याने बस्त्यावला त्याच्या पाहुण्यांदेखत दरवाजाबाहेर अडवले. पाहुणे आत गेले. हा बाहेर उभा राहिला. ज्या किल्ल्यात त्याच्या बापाने जाळी वाळवली आणि आजाने शेळ्या चारल्या, त्यात त्याला पाहुण्यांबरोबर पाऊल टाकता येईना.

तो माझ्याकडे आला तेव्हा टोपी हातात होती. पंधरा वर्षांत मी त्याचे डोके उघडे तेवढ्याच वेळी पाहिले.

"रायटर, मला आत जायाचं हाय. लिव."

मी नोटीस मागवून घेतली आणि दोन वेळा वाचली. शेवटून दुसऱ्या कलमात मला हवे ते सापडले. शिक्षण कमी असलेल्या इसमास विशेष माहिती असल्यास, अधिकाऱ्यांच्या समाधानानंतर, परवाना देता येईल. एक दार उघडे होते आणि त्यातून बस्त्यावला आत नेणे माझ्या हाती होते. ही जबाबदारी मी हलकी मानली नाही. पूर्ण दोन दिवस घेऊन चार पाने लिहिली. आयुष्यात इतका सुंदर अर्ज मी लिहिलेला नव्हता. 'अर्जदार हा इतिहासाचा गाढा व्यासंगी असून, त्यास इंग्रजी, फ्रेंच व पोर्तुगीज या तीन भाषा उत्तम प्रकारे अवगत आहेत.' हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला नाही, हे मला कबूल केले पाहिजे. खोटे लिहितो आहे असे मला वाटलेच नाही. बस्त्यावच्या योग्यतेस शोभेल असे काही लिहितो आहे असे वाटले.

मी अर्ज वाचून दाखवला. अवघड भाग मी थोडा जलद वाचला. बस्त्याव लक्ष देऊन ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "लय मोटा मानूस हाय हा. कोन?"

"तूच."

त्याने नांगर काढला. परंतु त्या दिवशी दांडी वाकडी आली.

महिन्याभराने अधिकारी स्वतः चौकशीस आले. तरुण, चष्मा लावणारे, हाती फाईल. त्यांच्याबरोबर पोर्तुगालहून आलेले एक वृद्ध प्राध्यापक होते, पांढरी दाढी, वेताची टोपी. किल्ल्याच्या दरवाजासमोर बस्त्याव, मी आणि कात्रीन असे तिघे उभे होतो. अर्जाची नक्कल माझ्या पिशवीत होती. साहेबांनी फाईल उघडली, माझी चार पाने चाळली, आणि अतिशय सौजन्याने म्हणाले, "वा. तुम्हांला पोर्तुगीज उत्तम येते. मग हे गृहस्थ योग्य भेटले. यांच्याशी बोला की दोन वाक्ये."

मी पिशवी पाठीमागे घेतली. बस्त्यावने प्राध्यापकांकडे पाहिले. मग साहेबांकडे.

"सायबा, मला येत नाय."

"फ्रेंच?"

"ते पन नाय. इंग्लिस तीन शब्द. कम, लूक, नो."

साहेबांनी चष्मा काढला. "मग हे कोणी लिहिले?"

मी एक पाऊल पुढे टाकले होते. ते खरोखर टाकले होते, कात्रीन साक्षीदार आहे. परंतु बस्त्यावचा हात माझ्या छातीवर आला.

"यानं लिवलं," तो म्हणाला. "पन तू याला बोलू नको. याचा लय जीव हाय माज्यावर. माजं हाय तेवडं तुला कमी पडंल असं वाटलं त्याला."

मी बावीस वर्षे लोकांची गाऱ्हाणी वरिष्ठांपर्यंत पोहोचवीत आलो आहे. माझी बाजू मात्र माझ्या आयुष्यात कोणी मांडली असेल, तर ती त्या वाक्यात.

साहेब फाईल बंद करू लागले. त्यांचीही चूक नव्हती. खोट्या मजकुरावर परवाना कोण देणार? ते म्हणाले, "माफ करा. माझे समाधान झालेले नाही."

"नाय तर नाय," बस्त्याव म्हणाला. "तुजा अदिकार हाय. पन हा पावना सात समुद्र वलांडून आलाय. याला किल्ला दावतो, आनि मग तू नाय लिव. तुज्या दाराच्या आत जानार नाय मी. भाईरनं दावतो."

साहेबांनी प्राध्यापकांना इंग्रजीत काही सांगितले. प्राध्यापकांनी मान हलवली आणि लगेच आपल्या पायघोळ विजारीची टोके दुमडली.

भरती यायला तासभर होता, म्हणून बस्त्याव सर्वांना घरी घेऊन गेला. उंबऱ्यावर त्याने नेहमीप्रमाणे हात आडवा धरला. नियम मी साहेबांना सांगितला, त्यांनी तो इंग्रजीत सांगितला, आणि प्राध्यापक म्हणाले, "मारिया."

"माजी पन मारी!" बस्त्याव ओरडला आणि त्यांना मिठीत घेतले. मग साहेबांकडे वळला.

"मी कशाला?" साहेब म्हणाले. "मी सरकारी कामावर आहे."

"सरकारला आय नाय. तुला हाय."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "इंदिराबाई."

"ऐकू नाय आलं," कात्रीन आतून म्हणाली.

"इंदिराबाई!"

"ये आत, इंदिराबाईच्या."

मी पाठोपाठ आत गेलो. मी पाहुणा नसल्यामुळे मला कोणी विचारले नाही. कात्रीनने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण वाढले. साहेबांनी प्रथम थोडे घेतले आणि नंतर पुरेसे घेतले.

भरती भरल्यावर बस्त्यावचा मुलगा होडी घेऊन आला. आम्ही खाडीच्या मुखातून बाहेर, खुल्या समुद्रात गेलो. इथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माझा जन्म वसईचा, वयाची चाळिशी उलटलेली, आणि मी तोवर वसईला समुद्राकडून कधी पाहिलेले नव्हते. बस्त्याव होडीच्या मध्ये उभा होता, पाय रोवून, आणि किनाऱ्याकडे कोणाला बघू देत नव्हता. "नो," तो म्हणे, "नो." सर्वांची तोंडे पश्चिमेकडे. बरेच अंतर कापल्यावर त्याने मुलाला हात केला. मुलाने वेग मोडला. मग बस्त्यावने प्राध्यापकांना खांद्यांना धरले आणि किनाऱ्याकडे फिरवले.

"लूक."

माडांची हिरवी रेघ होती. तिच्यातून किल्ल्यातल्या पडक्या देवळाचा मनोरा वर आलेला होता, आणि त्याच्या थेट मागे, मैलोगणती दूर, तुंगारचा निळा डोंगर. होडी जराशी सरकली की मनोरा डोंगराच्या डावीकडे जाई. पुन्हा सरकली की उजवीकडे.

"ही आमची निशानी," बस्त्याव सांगू लागला, आणि साहेब स्वतः, न सांगता, त्याचे इंग्रजी करू लागले. "मनोरा डोंगराच्या पोटावर आला की समजायचं, खाली खडक नाय, जाळं टाका. मनोरा डोंगराच्या उजव्या खांद्यावर आला की बंदराचं तोंड. पावसाच्या काळोख्या दिवशी, लाटा डोक्यावर, हा एक दगड दिसला की बाप्ये रडतात. माज्या आज्यानं बापाला दाखवलं, बापानं मला, मी याला." त्याने मुलाकडे बोट केले.

मग प्राध्यापकांकडे वळला. "तुज्या लोकांनी बांदलं. लडाई झाली, आमच्या लोकांनी घेतलं. मग इंग्रज आला, त्यानं घेतलं. तो पन गेला. आत पुस्तकं घेऊन लोक इचारतात, कोनी बांदलं, कोनी तोडलं. मला ठाऊक नाय, ते शिकलेल्याला इचार. मला एवडं ठाऊक हाय, की हा मनोरा रोज कोनाला तरी घरी आनतो. म्हनून त्याच्यावर कोनी खिळ्यानं नाव कोरलं की मला राग येते. दिव्यावर चिखल फेकल्यावानी."

साहेब हे शेवटचे भाषांतर करताना थांबले, पुन्हा सुरुवात केली. प्राध्यापकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. नंतर त्यांनी साहेबांना एक छोटे वाक्य सांगितले, आणि साहेबांनी ते आम्हांला सांगितले: या किल्ल्यावर मी तीस वर्षे अभ्यास करतो आहे, आणि तो कशासाठी उभा आहे हे मला आज कळले.

बस्त्याव म्हणाला, "भूक लागली काय त्याला?"

परतीच्या वाटेवर साहेबांनी माझ्याकडे हात पुढे केला. "कागद आहे? नवीन अर्ज लिहा. खरे असेल तेवढेच." मी होडीच्या फळीवर कागद ठेवून लिहिले. होडी हलत होती, अक्षर माझ्या लौकिकास साजेसे आले नाही. 'अर्जदार पाचूबंदर येथे राहतो. शाळेत गेलेला नाही. चाळीस वर्षे होडी चालवली आहे. त्याला किल्ला समुद्राकडून माहीत आहे.' चार वाक्ये. पूर्वीची चार पाने मी लिहिली होती, आणि ही चार वाक्येही मीच लिहिली. माझ्या बावीस वर्षांच्या लेखनातून एकच कागद निवडा म्हणून कोणी म्हटले, तर मी हा दुसरा निवडीन. बस्त्यावने खाली नांगर काढला. हलत्या होडीतही दांडी सरळ आली.

परवाना पोस्टाने आला. छापील रकान्यांत साहेबांनी स्वहस्ते भरले होते. शिक्षण: तांडेल. भाषा: मराठी. मी ते वाचून दाखवल्यावर बस्त्यावने तो कागद पुन्हा वाचायला लावला, मग कात्रीनसमोर, मग बंदरावर जाळी विणत बसलेल्या मंडळींसमोर. तिसऱ्यांदा वाचताना मी ते दोन शब्द अधिक मोठ्याने वाचले. आजही मला वाटते की सरकारने वसईचा असा सन्मान पूर्वी किंवा नंतर केलेला नाही.

पुढे मुंबईहून शिकलेले, परवानाधारक मार्गदर्शक येऊ लागले. त्यांना सालवारी पाठ असे. त्यांपैकी जे शहाणे होते, ते पाहुण्यांना आधी बस्त्यावच्या होडीत बसवत आणि मग दरवाजातून आत नेत. बस्त्यावने ते आपला हक्क म्हणून कधी मागितले नाही. भरतीची वेळ सांगून तो धक्क्यावर येऊन उभा राही, आणि ते येत.

त्याला मी अखेरचा पाहिला तो अशाच एका सकाळी, धक्क्यावर. खोकला झाला होता, खांदे थोडे खाली आले होते, परंतु गळ्याचे बटण लावलेले होते आणि सदऱ्याच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला परवाना होता. बरोबर दोन परदेशी मुली होत्या, पाठीवर पिशव्या, उन्हाने लाल झालेल्या. मी कचेरीच्या एका पंचनाम्यासाठी चाललो होतो. त्याने लांबूनच हाक मारली.

"रायटर! हिकडं ये."

मी घाईत होतो, पण गेलो. त्याने माझ्या खांद्यांना धरले आणि मला त्या मुलींकडे फिरवले.

"हा माजा रायटर," तो त्यांना मराठीत म्हणाला. "याला पन वसई मीच दावली. सांग त्यांना."

"काय सांगू?"

"आयचं नाव."

हजारो अर्जांवर मी लोकांच्या वडिलांची नावे लिहिली आहेत, स्वतःच्या प्रत्येक कागदावर माझ्या वडिलांचे लिहिले आहे. आई गेल्यापासून तिचे नाव मी कोणापुढे उच्चारलेले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. मी ते पुटपुटलो, तेव्हा बस्त्याव कानाला हात लावून म्हणाला, "वाऱ्यावर बोलतंय जनू. मोट्यानं."

"भागीरथी," मी म्हणालो.

मुलींनी म्हणून पाहिले. भगराती. बागिर्ती. बस्त्याव मान हलवत राहिला. नो. नो. होडी दोरावर ओढ घेत होती, मुलगा भरती उतरते म्हणून ओरडत होता, पण तो हलायला तयार नव्हता. दोन बोटे नसलेला हात वर धरून तो एकेक अक्षर सुटे करून सांगत होता. शेवटी त्या दोघींनी एकदम, अगदी नीट म्हटले. तेव्हा त्याने हात खाली घेतला, त्यांना होडीत चढवले, आणि स्वतः चढून मध्ये उभा राहिला. होडी धक्क्यापासून सुटली. मुली मागे वळून बघू लागल्या, तसे त्याने दोघींचे खांदे धरून त्यांची तोंडे समुद्राकडे केली, आणि मी किनाऱ्यावर उभा होतो तोवर त्या दोघी, माझ्याकडे पाठ करून, मोठ्याने माझ्या आईचे नाव म्हणत चालल्या होत्या.